अंकलचा स्नेअर आणि खालचं पान

गेल्या जूनमध्ये अंकलचा फोन आला की बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, महिन्याभरात घर खाली करायचंय, तुझ्यासाठी एक डबा बाजूला ठेवलाय तो येऊन घेऊन जा. अंकल म्हणजे पुण्यात कँपातले, ईस्ट स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत राहायचे, कॉलेजात असताना दर शनिवारी मी त्यांच्याकडे ड्रम शिकायला जायचो. शिकायला म्हणजे काय तर ते मला एका रबराच्या तुकड्यावर दोन तास सिंगल स्ट्रोक, म्हणजे नुसतं उजवा-डावा उजवा-डावा, करायला लावायचे आणि स्वतः आतल्या खोलीत पेपर वाचायचे, आणि डावा हात जरा ढिला पडला की आतूनच ओरडायचे. त्यांचा स्वतःचा स्नेअर मी तेव्हा फक्त दोनदा पाहिला होता आणि हात एकदाही लावला नव्हता. ते सत्तरच्या दशकात जहाजावरच्या बँडमध्ये वाजवायचे, १९७४ ला न्यूयॉर्कला जहाज लागलं तेव्हा घेतलेला तो ड्रम, एवढंच माहिती होतं.

तर डबा म्हणजे खरंच डबा. पत्र्याची गोल पेटी, तिला सुतळी बांधलेली, आणि आत जुन्या बेडशीटमध्ये गुंडाळलेला ड्रम. रिक्षात मांडीवर घेऊन घरी आलो आणि आईने दारातच विचारलं, कुणाचा कुकर आणलास?

आता ज्यांना ड्रममधलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्नेअर म्हणजे ड्रमसेटमधला तो मधला, मांडीजवळचा, ज्याचा आवाज कडाड् येतो. त्या कडाड् आवाजाचं कारण खालच्या बाजूला असतं, तिथे स्प्रिंगसारख्या वळलेल्या बारीक तारांचा एक पट्टा खालच्या पानाला, म्हणजे ड्रमवर ताणून बसवलेल्या पडद्याला, चिकटून बसवलेला असतो. वर काडी पडली की आतली हवा खालचं पान हलवते आणि तारा त्याच्यावर थडथडतात. तारा सोडून द्यायला बाजूला एक खटका असतो, त्याला थ्रो-ऑफ म्हणतात. खटका खाली केला की तोच ड्रम ढब ढब वाजतो, म्हणजे साधारण लग्नाच्या बँडवाल्याचा पाऊस पडून गेल्यानंतरचा ड्रम.

अंकलचा ड्रम निघाला लुडविगचा अॅक्रोलाइट. लुडविग ही शिकागोची कंपनी, १९०९ ला दोन भावांनी काढलेली, आणि अॅक्रोलाइट हा त्यांचा साठच्या दशकात आलेला स्वस्तातला मॉडेल, शाळेतल्या मुलांना शिकायला देतात तसा. १४ इंच व्यास, ५ इंच खोली, आठ लग, म्हणजे पान ताणायचे बोल्ट ज्यांत बसतात ते बाजूचे ठोकळे, आणि अॅल्युमिनियमची अखंड कवटी, म्हणजे ड्रमच्या गोल अंगाला कुठे जोड नाही. गंमत अशी की ह्याच कंपनीचा जो महागडा सुप्राफोनिक, ज्याचा साडेसहा इंची भाऊ लेड झेपलिन बँडचा जॉन बोनम वाजवायचा, त्याची कवटी आणि ह्याची कवटी जवळजवळ तीच. सुप्राफोनिकला क्रोम चढवलेलं असतं आणि दहा लग असतात, ह्याला नुसतं करड्या रंगाचं अॅनोडायझिंग. आणि अॅल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही, पन्नास वर्षांनी त्याला देवी आल्यासारखे फोड येतात आणि पापुद्रे सुटतात, त्यामुळे आज गरीब भाऊच जास्त देखणा दिसतो. अंकलच्या ड्रमवर निळा-ऑलिव्ह रंगाचा बॅज आहे, म्हणजे सत्तरचं दशक बरोबर जुळतं. बॅजवर नंबर पण आहे पण त्यावरून वर्ष काढायच्या भानगडीत पडू नका, कारखान्यात बॅज हाताला येईल तो ठोकायचे त्यामुळे नंबर पुढेमागे झालेले असतात.

अवस्था अशी होती. सोळापैकी (वरचे आठ, खालचे आठ) तीन टेन्शन रॉड गायब आणि त्यातल्या एका जागी कुणीतरी सायकलच्या कॅरिअरचा वाटावा असा बोल्ट पिळून बसवलेला. थ्रो-ऑफचा खटका तुटलेला, बहुतेक कधीतरी पडून. तारा गंजलेल्या, चारपाच तर ताणून लोंबत होत्या. वरचं पान मधोमध काळं पडून खड्डा पडलेलं. खालचं पान मात्र एकदम स्वच्छ, पारदर्शक, कुठे सुरकुती नाही. मी म्हटलं चला एक खर्च तरी वाचला. हे वाक्य लक्षात ठेवा.

पहिलं काम रॉड. टेन्शन रॉड म्हणजे चौकोनी डोक्याचा लांब बोल्ट, तो वरच्या रिंगमधून जाऊन लगमधल्या नटात बसतो आणि चावीने पिळला की पान ताणलं जातं. मला वाटलं बोल्टच तर आहे, बोहरी आळीत जाऊ, रविवार पेठेत मिळणार नाही असा बोल्ट अजून जन्माला यायचाय. एक चांगला रॉड नमुना म्हणून खिशात टाकला आणि गेलो. पहिल्या दुकानात काकांनी रॉड घेतला, डोळ्याजवळ नेला, नखाने आटे मोजल्यासारखं केलं आणि म्हणाले दीड सूत. मागच्या खणातून दीड सुताचा नट काढून लावला तर तो रॉडच्या टोकाशीच अडकला. मग म्हणाले दोन सूत असेल. दोन सुताचा नट घातला तर तो ढिला, नुसता डुगडुगत राहिला, आटे काही धरेनात. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी त्यांना फसवायला आलोय.

"हे कुठलंय?"

"अमेरिकेचं. ड्रमचं."

"पावणेदोन सूत आहे भाऊ हे. पावणेदोन सूत असं काही नसतं."

आणि त्यांचं अगदी बरोबर होतं हो. सूत म्हणजे एक अष्टमांश इंच, दीड सूत म्हणजे तीन सोळांश, आणि दोन सूत म्हणजे पाव इंच. हा रॉड व्हर्निअरने मोजला तर साडेपाच मिलिमीटरला एक केस कमी भरला, म्हणजे जवळजवळ पावणेदोन सूत. अमेरिकन मापात ह्याला १२-२४ म्हणतात, १२ नंबरची जाडी आणि इंचाला २४ आटे. आपल्याकडे एकतर मेट्रिक पाच आणि सहा, नाहीतर जुनं इंग्लिश माप, व्हिटवर्थ. आणि खरा घोळ पुढे आहे, दीड सुताच्या व्हिटवर्थला पण इंचाला २४च आटे असतात! म्हणजे आट्यांचा गेज लावला तर बरोबर बसतो, आणि उलटं करून दीड सुताचा बोल्ट ड्रमच्या नटात घातला तर तो छान फिरतो, दोन आटे धरतो, आणि जरा ताण दिला की सटकन बाहेर. कॅरिअरसारखा जो बोल्ट निघाला होता तो हाच, आणि त्याने त्या नटातले पुढचे आटे घासून ठेवले होते.

मग नाना पेठेत स्पेअरवाल्यांकडे एक चक्कर मारली, तिथे सगळं मेट्रिक, पाच मिनिटांत बाहेर. बँडवाल्यांचं सामान ठेवणाऱ्या एका दुकानात मेरठहून येणाऱ्या साइड ड्रमचे रॉड मिळाले पण ते पण बसले नाहीत. शेवटी भोसरीला एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये गेलो, तिथल्या टर्नरने रॉड हातात फिरवून सांगितलं की लेथवर २४ टीपीआय, म्हणजे इंचाला २४ आटे, काढतो की, त्यात काय, पण तीन पिनांसाठी सेटिंग करायचं, वर चौकोनी डोकं मिलिंगवर करायचं, तुम्हाला एक रॉड पाचशेला पडेल. मग जरा थांबून म्हणाला, साहेब हे काही एकाच ड्रमचं माप नसणार, कंपनीवाले सगळे एकच आटे वापरत असणार, तुम्ही ड्रमच्या दुकानात विचारलंत का?

नव्हतं विचारलं. का नव्हतं विचारलं ह्याला काही उत्तर नाही. डोक्यात एकच होतं की पन्नास वर्ष जुना अमेरिकन ड्रम, त्याचे पार्ट इथल्या नव्या दुकानात कसे मिळतील. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो, पोराने ड्रॉवर उघडला आणि आठ रॉडचं पाकीट काऊंटरवर टाकलं, साडेतीनशे रुपये. ४२ मिलिमीटर लांबीचे, चिनी. बसले. लोण्यासारखे बसले. अमेरिकन काय, जपानी काय, तैवानचे काय, बहुतेक सगळ्यांचे रॉड १२-२४ चेच असतात, जर्मन सोनॉरसारखे काही वेगळे सोडले तर. तीन आठवडे आणि चार पेठा मी साडेतीनशे रुपयांच्या पाकिटासाठी फिरलो. आटे घासलेला तो नट पण त्याच ड्रॉवरमध्ये मिळाला.

लग उघडले तेव्हा आत प्रत्येकात एक स्प्रिंग निघाली, ती नटाला जागेवर धरून ठेवते. ह्या स्प्रिंगा काडी मारली की बारीक किणकिणतात, म्हणून त्यांच्यात कापूस किंवा फेल्टचा तुकडा घालतात. अंकलच्या ड्रममध्ये आठपैकी आठ लगमध्ये सिगारेटचे फिल्टर घातलेले निघाले. पिवळे पडलेले. मी ते काढून टाकले आणि कापूस घातला आणि मग उगाच वाईट वाटलं.

आता ओट्याची गोष्ट. कवटीची कड, म्हणजे जिच्यावर पान टेकतं ती, एकदम सपाट असावी लागते, नाहीतर पान कधीच सगळीकडे सारखं ताणलं जात नाही. हे तपासायला काचेचं किंवा ग्रॅनाइटचं सपाट टेबल लागतं, आणि पुण्यात प्रत्येक घरात एक तरी सपाट ग्रॅनाइट असतोच. रात्री जेवणं झाल्यावर ओटा पुसून घेतला, लाइट बंद केले, कवटी वरची कड खाली करून ठेवली, आत मोबाइलचा टॉर्च लावला आणि गुडघ्यावर बसून ओट्याच्या पातळीला डोळा लावून चहूबाजूंनी बघितलं. कुठेही उजेड नाही. झकास. मग उलटी केली. आणि खालच्या कडेला दोन ठिकाणी, समोरासमोर, साधारण हाताच्या पंजाएवढ्या रुंदीची उजेडाची बारीक रेघ. मधे जरा जाड आणि दोन्हीकडे निमुळती होत गेलेली, चंद्रकोरीसारखी.

मला वाटलं गेलं. पडलाय ड्रम, खटका तुटला तेव्हाच कड पण दबली असणार. यूट्यूबवर लोक ग्रॅनाइटवर पॉलिश पेपर चिकटवून कवटी गोल गोल घासून कड सपाट करताना बघितले होते, माझ्याकडे १५० नंबरचा पेपर पण होता, आणि मी खरंच तो ओट्यावर टेपने चिकटवायला सुरुवात केली होती. आई पाणी प्यायला उठली, लाइट लावला, बघितलं आणि म्हणाली माझ्या ओट्यावर कानस चालवायची नाही. बस. तेवढ्यावर थांबलं.

दुसऱ्या दिवशी कवटी पिशवीत घालून कसब्यात तांबट आळीत गेलो, म्हटलं ठोक्याचं काम करणारा माणूस दबलेली कड आतून ठोकून वर काढेल. एका काकांनी हातातला हंडा बाजूला ठेवला, कवटी घेतली, नखाने टिचकी मारून कानाशी धरली. "हे जर्मन आहे. आम्ही तांबं-पितळ करतो, ह्याला मी हात लावणार नाही." जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम. पण परत मात्र दिली नाही. कडेवरून अंगठा फिरवत राहिले, एकदा, दोनदा, मग डोळे मिटून परत. "आणि हे बघा, हे पडून झालेलं नाहीये. पडलं तर एका बाजूला पोचा येतो, आणि पोच्याच्या शेजारी पत्रा उचलला जातो. हे दोन्हीकडे सारखंच उतरलंय आणि सारखंच चढलंय. हे कुणीतरी मुद्दाम केलंय. का केलंय ते तुम्ही बघा."

घरी येऊन वाचलं तर काय, त्याला स्नेअर बेड म्हणतात. तारांचा पट्टा दोन्ही टोकांना जिथे कडेवरून बाहेर पडतो तिथे कड मुद्दाम किंचित खोल ठेवतात म्हणजे तारा मधल्या भागात पानाला सपाट चिकटून बसतात. ती खोलगट जागा नसेल तर पट्ट्याची टोकं कडेवर उचलली जातात आणि तारा नुसत्या खरखरतात. वीस वर्षं ड्रम वाजवतोय मी. एकदाही खालून उघडून बघितला नव्हता. ज्या माणसाने आयुष्यात स्नेअर बघितला नाही त्याने अंगठ्याने ओळखलं आणि मी पॉलिश पेपर घेऊन उभा होतो.

थ्रो-ऑफ मात्र इथे मिळाला नाही. लुडविगचा पी-८५ हा पार्ट कंपनी अजून बनवते हे कळलं तेव्हा अर्धं टेन्शन गेलं, आणि पुण्यातल्या माणसाचं अमेरिकेत कुणी नसेल असं होत नाही, त्यामुळे न्यू जर्सीची चुलतबहीण जुलैत येणार होती तिच्या पत्त्यावर मागवला. ती आली, बॅगेतून बदाम, व्हिटॅमिनच्या गोळ्या, टोमण्यांसकट चॉकलेटं आणि तळाशी मोज्यात गुंडाळलेला थ्रो-ऑफ. कवटीच्या मूळ भोकांतच बसला, एक भोक पाडावं लागलं नाही. जुन्या ड्रमला नवीन भोकं पाडायची नाहीत हा एकच नियम मी कटाक्षाने पाळतो, बाकी काही का करा.

तारा नवीन घेतल्या, वीस पदरी. पहिला पट्टा घेतला तो स्वस्तातला होता, टेबलावर ठेवल्यावर मधल्या दोनतीन तारा वर उचललेल्या दिसल्या, तो परत केला आणि जरा बरा घेतला. तारांचा पट्टा थ्रो-ऑफला बांधायला दोरी किंवा प्लास्टिकची पट्टी लागते, पाकिटातली पट्टी आखूड होती. इथे बाबांचा गुडघा कामाला आला. बाबांच्या गुडघ्याचा २०१६ चा एक्स-रे कपाटावर पडून होता, एक्स-रेची फिल्म म्हणजे पॉलिस्टरच, पातळ, चिवट आणि न ताणणारी. अर्ध्या इंचाच्या दोन पट्ट्या कापल्या. दोरीपेक्षा पट्टी चांगली कारण ताण सगळ्या रुंदीवर सारखा येतो, दोरी दोन ठिकाणीच ओढते. आता ड्रम उलटा करून बघितला की एका बाजूला गुडघ्याच्या वाटीची कडा दिसते. बाबांना दाखवलं, ते म्हणाले हा डावा आहे, दुखतो तो उजवा.

वर नवीन पान चढवलं, पांढरं खरबरीत कोटिंगवालं, एका पदराचं दहा मिलचं. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, तर दहा मिल म्हणजे पाव मिलिमीटर. १९५७ च्या आसपास ही मायलरची, म्हणजे प्लास्टिकच्या फिल्मची, पानं बाजारात आली, रेमो कंपनी त्याच साली निघाली, त्याआधी सगळं वासराचं कातडं, पावसाळ्यात ढिलं आणि उन्हाळ्यात फाटेल इतकं ताठ. आपल्या ताशाचं पण तेच झालं, आता सगळीकडे फायबर.

सगळं जुळवलं, बसवलं, खटका वर केला, आणि वाजवला.

डबा. पत्र्याचा डबा. जोरात मारलं तर तारा कशाबशा बोलायच्या, हलक्या हाताने मारलं तर बोलायच्याच नाहीत. तारा आवळल्या तर गळा दाबल्यासारखा आवाज, ढिल्या केल्या तर मारल्यानंतर दोन सेकंद खर्रर्र. मी दोन आठवडे वरचं पान वर-खाली करत बसलो. घट्ट केलं, सैल केलं, सगळं काढून परत बसवलं, एकदा तर कापूस काढून सिगारेटचे फिल्टर परत घालावेत असं पण मनात आलं.

ऑगस्टमध्ये एक दिवस नदीपात्रातली पथकाची प्रॅक्टिस संपवून मित्र घरी आला. तो ताशा वाजवतो, पंधरा वर्षं झाली, ड्रमसेटबद्दल त्याला शष्प माहीत नाही. मी रडगाणं गायलो. त्याने ड्रम उलटा करून मांडीवर घेतला, तारा बाजूला धरल्या आणि खालच्या पानावर नखाने टक टक केलं. मग वरच्या पानावर. मग परत खालच्या.

"भावा दोन्ही पानं सारखीच लावलीस का?"

"म्हणजे?"

"अरे जाडी सारखीच आहे. खालचं पातळ नसतं का? मला वाटलं खालचं पातळ असेल, त्याला कुठे मारायचंय, त्याला नुसतं थरथरायचंय ना."

पान उतरवलं, व्हर्निअर लावला. पाव मिलिमीटर. वरच्या बाजूसाठी असतं तसलंच पान खाली लावलेलं होतं. स्नेअरचं खालचं पान साधारण तीन मिलचं असतं, म्हणजे मिलिमीटरचा तेरावा भाग, कांद्याच्या पापुद्र्यासारखं, हातात धरलं की फडफडतं. हे जाड पान हलक्या हाताने हलणारच नाही, मग तारा बोलणार कशा. अंकलला फोन केला तर ते म्हणाले हां, ते मीच लावलं होतं, जुनं फुटलं तर दुकानदार म्हणाला साइज सेम है, ले जाओ. म्हणजे साइज सेम होतीच म्हणा. कधी लावलं विचारलं तर म्हणाले तुझ्या क्लासच्या आधी. म्हणजे ज्या ड्रमला मी घाबरून हात लावत नव्हतो तो तेव्हापासूनच डब्यासारखा वाजत होता आणि म्हणून ते मला रबरावर बसवायचे की काय कोण जाणे.

पातळ पान आणायला परत त्याच दुकानात. पोरगा आता मला ओळखतो.

आणि आता ट्यूनिंग, जे मला खरं तर आधी लिहायचं होतं. सगळी व्हिडिओवाली मंडळी सांगतात की आठही रॉडपाशी, कडेपासून इंचभर आत, काडीने टिचकी मारा आणि सगळीकडे एकच सूर येईपर्यंत चावी फिरवा, आणि शेजारचा रॉड नाही तर समोरासमोरचा घ्या, एकदम अर्धा फेरा नाही तर पाव पाव फेरा. अॅप पण असतात, हर्ट्झ दाखवतात. मी अॅप लावलं तर पंख्याच्या आवाजाने आकडा नाचायला लागला. आई शेजारी बसून बघत होती, तिची भजनी मंडळाची पेटी कोपऱ्यात होती, म्हणाली तुला सूर कुठला पाहिजे ते सांग, मी धरून बसते.

तर असं केलं. ड्रम गादीवर ठेवला म्हणजे खालचं पान दबून गप्प बसतं आणि फक्त वरचं ऐकू येतं. तारा सोडलेल्या. आधी आठही रॉड बोटाने फिरतील तेवढे फिरवले, मग चावीने. आईने पांढरी दोन धरली. पहिल्या रॉडपाशी टिचकी, खाली होता, पाव फेरा, परत टिचकी, मग समोरचा. आई मधूनच म्हणायची उतरलाय, चढलाय, आणि एकदा मी म्हणालो जुळला तर म्हणाली नाही, अजून कणभर, तुला ऐकू येत नाही का? खरंच येत नव्हता. तिने भाता थांबवला, मला परत टिचकी मारायला लावली आणि लगेच सूर दिला, तेव्हा तो लचका कळला. तिचे काका तबला वाजवायचे, ती म्हणाली हे तर सोपंय, तबल्याला सोळा घरं असतात आणि हातोडीने ठोकायचं, तुला आठच आहेत आणि चावी आहे. आणि समोरासमोरचं घर घ्यायचं हे तिला सांगावंच लागलं नाही.

मग ड्रम उलटा, आता खालचं पान. खालचं वरच्यापेक्षा चढं ठेवायचं असतं, किती ते आपापल्या चवीचं. आम्ही काळी तीन धरली. म्हणजे वरचा सा धरला तर खालचा गंधार, आकड्यात सांगायचं तर वर साधारण २९४ हर्ट्झ आणि खाली ३७०. पातळ पान ताणताना भीती वाटते, चर्र चर्र असा आवाज येतो, पण ते तेवढं ताणलं जातंच, फक्त हळूहळू आणि सगळीकडून. आणि एक, खालच्या पानावर काडी आपटायची नाही, नखाने किंवा चावीच्या दांड्याने हलकीच टिचकी, नाहीतर परत दुकानातला पोरगा.

तारा लावल्या, खटका वर, खटक्याचा स्क्रू अगदी कमी आवळला, तारा जेमतेम पानाला टेकतील इतकाच. एक बोट वरच्या पानावर टेकवलं नुसतं. बोललं. एका बोटाने तारा बोलल्या. मग काड्या घेतल्या आणि मधोमध एक मारला आणि स्वयंपाकघरातून बाबा म्हणाले फुटलं का काही.

अॅल्युमिनियमचा आवाज शब्दांत सांगणं अवघड आहे, पितळेइतका तो झणझणत नाही, लाकडाइतका गोल नाही, कोरडा आणि स्वच्छ, टोक असलेला, प्रत्येक काडी वेगळी ऐकू येते, चुकलेली पण. ह्याच्यावर रोल केला तर माझा डावा हात कुठे मागे पडतो ते शेजाऱ्यांना पण कळेल.

एक खोड राहिली होती. आई संध्याकाळी पेटीवर बसली आणि काळी तीनवर आली की कोपऱ्यातला ड्रम आपोआप खर्रर्र करायचा, अभंगाच्या मधेच. खालचं पान त्याच सुराला लावलेलं, ते जागं व्हायचंच. त्यावर एक जुनी युक्ती आहे, पट्टा जिथून बाहेर पडतो तिथले चार रॉड, म्हणजे दोन्ही टोकांचे दोन दोन, किंचित सैल करायचे, पाव फेऱ्यापेक्षा कमी. आपण सगळं सारखं जुळवायला दीड तास घालवलेला असतो त्यामुळे हात धजत नाही, पण केलं आणि खरखर बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. आता भजनाच्या वेळी खटका खाली करून ठेवायचा असं घरात ठरलंय. आईच करते, येता जाता.

अंकलला वाजवून व्हॉइस नोट पाठवली. उत्तर आलं, बॉटम हेड अजून पाव फेरा घे, आणि तुझा लेफ्ट हँड अजून तसाच आहे. पाव फेरा घेतला. काळी तीनच्या जरा वर गेलाय आता, त्यामुळे अभंगाचा पण प्रश्न आपसूक मिटला असं मला वाटतं, आई म्हणते नाही मिटला.

आतला डँपर अजून वाजतो. डँपर म्हणजे बाहेरून नॉब फिरवला की आतून फेल्टची गादी वरच्या पानाला टेकते, तिचं फेल्ट झिजून गेलंय आणि नुसती पत्ती खडखडते. पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे फेल्ट मिळेल असं आई म्हणते, ह्या रविवारी जाऊन बघतो. आणि ते जाड पान मित्र घेऊन गेला, कापून त्याच्या ताशाला बसतं का बघायला.